प्रमिलाबाईंनी मागितलेली खोली

गुजरातमधल्या पांडेसऱ्याच्या सरकारी दवाखान्यात प्रमिलाबाई आया म्हणून लागल्या, तेव्हा झाडलोट करायची आणि सुया उकळायच्या, एवढंच त्यांचं काम होतं. त्या मूळच्या शिरपूरकडच्या. नवरा कापड रंगवायच्या मिलमध्ये. दवाखान्याच्या रांगेतल्या निम्म्या बायकाही खानदेशातल्याच.

डॉक्टरांचं टेबल हॉलमध्येच, औषधाच्या खिडकीसमोर होतं. पाळी कधी आली, अंगावरून जातं का, हे सगळं तिथं मोठ्यानं, तेही गुजरातीत विचारलं जाई. मागे मिलचे कामगार उभे. मग बाई डोकं दुखतं म्हणे आणि डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन घरी जाई. प्रमिलाबाईंना हे नेमकं कळे, कारण त्यांनीही ओटीपोटातलं दुखणं चार वर्षं असंच अंगावर काढलं होतं.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात धुरपदाबाई महिन्यात तिसऱ्यांदा आली. घरी बसून साड्यांचे धागे कापणारी, तिशीच्या आतली, पण भिंत धरून चालत होती. तिनंही डोकंच सांगितलं. ती निघाली तशा प्रमिलाबाई झाडू ठेवून फाटकापर्यंत तिच्या मागे गेल्या.

"काय व्हयनं वं बहीन? माले सांग."

धुरपदाबाईला रडूच फुटलं. बाळंतपणानंतर कुणीतरी न विचारता तांबी बसवली होती. तेव्हापासून महिन्याचे पंधरा-पंधरा दिवस रक्त जात होतं.

दवाखान्यात नुकत्याच डॉक्टरबेन बदलून आल्या होत्या. प्रमिलाबाईंनी त्यांना सगळं सांगितलं, आणि मागची सामानाची खोली मागितली. डॉक्टरबेन हो म्हणाल्या, पण कंपाउंडर म्हणाला, खोकी कुठं ठेवू? रविवारी येऊन प्रमिलाबाईंनी एकटीनं खोकी हलवली, फरशी घासली, खिडकीला जुन्या साडीचा पडदा लावला.

मंगळवारी धुरपदाबाई त्या खोलीत गेली. हात लावण्याआधी डॉक्टरबेन काय करणार ते सांगत आणि प्रमिलाबाई अहिराणीतून समजावत. तपासून झाल्यावर डॉक्टरबेननी विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

हे आजवर धुरपदाबाईला माहेरीही कुणी विचारलं नव्हतं.

"काढून टाका," ती म्हणाली. "पण दोन वरीस पोर नको."

तांबी निघाली. दुसरे कोणते उपाय आहेत, कशाचा काय त्रास होऊ शकतो, हे ऐकून तिनं स्वतः गोळ्या निवडल्या. रक्तवाढीची औषधंही मिळाली. पावसाळा संपता संपता ती ताठ चालत आली आणि सोबत गल्लीतल्या चार बायका घेऊन आली.

मग मंगळवारची दुपार बायकांचीच झाली. शेजारच्या उधन्याहूनही बायका येऊ लागल्या. पहिल्याच महिन्यात प्रमिलाबाईंनी स्वतःचं दुखणंही तिथंच दाखवलं आणि बऱ्या झाल्या.

दीड वर्षानं वरचे साहेब पाहणीला आले. खोलीची कीर्ती त्यांनी ऐकली होती. ते थेट पडद्यापर्यंत गेले. प्रमिलाबाई आडव्या उभ्या राहिल्या.

"साहेब, आत पेशंट आहे. तिला विचारून येते."

कंपाउंडरच्या तोंडचं पाणी पळालं. प्रमिलाबाई आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या.

"नको म्हणते."

साहेबांनी एकदा पडद्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग ते रांगेतल्या बायकांच्या शेजारी बाकावर जाऊन बसले. बायकांनी सरकून त्यांना जागा दिली. प्रमिलाबाईंनी पदर खोचला आणि पुढच्या बाईचं नाव पुकारलं.