काकांच्या अंदमानची हजेरी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका संताप आणणारा माणूस अंबरनाथ ते बदलापूर या पट्ट्यात दुसरा नाही. हे मी विचार करून लिहिते आहे. गेली सहा वर्षं मी आनंदनगरच्या कंपन्यांच्या गेटवर कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं वाटते, त्यामुळे संताप आणणारी माणसं पुष्कळ पाहिली आहेत. ठेकेदार पाहिले, त्यांचे मुकादम पाहिले, ‘मॅडम, साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असं तीन-तीन तास सांगणारे गेटवाले पाहिले. पण त्यांच्यावर रागावून घरी आलं की जेवण जात नाही. काकांवर रागावलं तरी जेवावंच लागतं, कारण तोवर काकूंनी ताट वाढलेलं असतं, आणि त्याचा राग वेगळाच.

काका एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. कंपनीतून ते निवृत्त झाले, सेफ्टीतून नाही. चिखलोलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये फुलबाजी लावायची तरी आधी वाळूची बादली मांडावी लागते. बारशाला गेले की बाळाच्या आधी पाळण्याची दोरी ओढून बघतात. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे स्टेजखाली वाकून वायरिंग तपासत होते आणि निम्म्या अक्षता यांच्या पाठीवर पडत होत्या. आमची पत्रकंही तेच तपासतात. मी लिहिते, ‘निर्लज्ज, मुजोर आणि रक्तपिपासू व्यवस्थापनाचा जाहीर निषेध’, आणि काका लाल पेनानं पहिले चार शब्द उडवतात. “विशेषणं म्हणजे वाफ, पोरी. वाफ व्हॉल्व्हमधून सोडायची, कागदावर नाही.”

हे मी ऐकून घेते त्याला कारण आहे. कंपनीत दर तीन महिन्यांनी मॉक ड्रिल व्हायचं. भोंगा वाजला की सगळ्यांनी बाहेर झाडाखाली जमायचं, हजेरी जुळली की काकांनी सही करायची, मग ड्रिल बंद. साहेबांच्या यादीत नावं फक्त कायम कामगारांची. काकांनी वहीत दुसरा रकाना आखला, ‘कंत्राटी’, आणि तो जुळेपर्यंत सही करायला नकार दिला. साहेब टाय लावून उन्हात उभे राहिले. “आग आत शिरली की गेटपासचा रंग बघत नाही,” एवढंच काका म्हणाले होते. हे वाक्य मी आजवर चार पत्रकांत वापरलं आहे.

तर या माणसानं नाताळात बायकोमुलांसह अंदमानला जायचं ठरवलं.

नाताळातच का, ते ऐका. मुलगा निखिल बेंगळुरूला, मुलगी गौरी पुण्याला. दोघंही कॉम्प्युटरवाले, दोघंही तिशी ओलांडलेले. त्यांना दिवाळीत सुट्टी नाही, कारण परदेशातल्या क्लायंटला दिवाळी ठाऊक नाही. गणपतीत तर नाहीच नाही. क्लायंट नाताळात आपल्या घरी जाऊन बसतो, तेव्हा आमच्या काकांची पोरं मोकळी होतात. मी म्हटलं, “काका, सण त्याचा, सुट्टी त्याची, आणि उरलेली पोरं तेवढी तुमची. यावर पत्रक निघतं.”

“पत्रक जानेवारीत काढ. तोवर सनस्क्रीन कुठलं घ्यायचं ते बघ.”

खरं तर काकांना समुद्राचं काही पडलेलं नव्हतं. समुद्र म्हणजे त्यांच्या मते झाकण नसलेली टाकी. पण पाच वर्षांत चौघं एका छताखाली आले नव्हते. निखिल येऊन गेला की गौरी येणार, गौरी गेली की निखिलचा फोन. पहिल्या आणि दुसऱ्या पाळीच्या कामगारांची निदान गेटवर तरी गाठ पडते. काकांना ही हजेरी एकदा जुळवायची होती, मग ती कुठल्या का किनाऱ्यावर असेना.

त्यांनी फाइल उघडली. वर लिहिलं, ‘समुद्र : धोके व उपाय’. आत नोंदी होत्या : ‘गौरीला बोटीत उलटी होते, आवळासुपारी ठेवणे. निखिलला मासे नकोत, काटा अडकतो.’ आता गौरी सुट्टीच्या दिवशी होडी वल्हवायला जाते आणि निखिल माशांशिवाय जेवत नाही, हे फोटो बघून मलासुद्धा माहीत आहे. पण फाइलमधली मुलं दहा आणि सात वर्षांचीच राहिली होती. नोंदी दुरुस्त करायला घरी मुक्काम तरी कुणाचा झाला होता? मला घेऊन काका उल्हासनगरच्या बाजारात पोहताना दंडाला लावायचे हवेचे फुगे घ्यायला गेले. सिंधी दुकानदारानं विचारलं, “साईं, बच्चों की उमर बताओ, साइज देता हूँ.”

“बडा चौंतीस, छोटी इकतीस.”

दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “अंकल, फिर आप अपने लिये ले जाओ.” काकांनी तरीही दोन जोड घेतले.

नोव्हेंबरात एका रविवारी, सकाळी अकराला, अंदमानचं मॉक ड्रिल झालं. तिसऱ्या मजल्यावरून सामानासह खाली उतरायचं आणि बदामाच्या झाडाखाली जमायचं. काकू नवी हॅट घालून तयार. मुलं अर्थातच नव्हती, म्हणून गौरी मी झाले. निखिल म्हणून काकांनी सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर पकडला. काळूराम त्याचं नाव, बारवी धरणाकडच्या पाड्यातला, दोन पोरांचा बाप. टाकी भरेपर्यंत तो तसाही बिडी ओढत उभा असतो. काकांनी त्याच्या दंडाला फुगे चढवले.

“काका, मला पोहता येतंय. आमचं शेतच धरणाखाली गेलंय, मी त्याच्यावरून पोहतो.”

माझ्या डोक्यात तिथल्या तिथे पत्रकाचा मथळा तयार झाला. काकांनी फुगे काढून घेतले आणि फाइलमध्ये लिहिलं, ‘निखिल : पोहता येते.’

नंतर हजेरी. “गौरी?” मी म्हटलं, “हजर.” “निखिल?” काळूराम म्हणाला, “हजर, बाबा.” काकांचं पेन अडलं. “पिशवी डाव्या हातात घे,” ते म्हणाले, “उजवा हात कठड्याला हवा.”

निघायला पाच दिवस उरले असताना फोनवरच्या घरच्या ग्रुपवर निखिलचा मेसेज आला. क्लायंटची सिस्टीम नाताळातच बदलायची ठरली होती, कारण तेव्हा तिकडे सगळे सुट्टीवर असतात आणि कुणाची गैरसोय होत नाही. कुणाचीच नाही. तासाभरात गौरीचा आला : ‘दादा नसेल तर मग मजा नाही ना बाबा, पुढच्या ख्रिसमसला नक्की.’ खाली लाल बदाम. दोन.

मी काकांचा फोन हिसकावला आणि लिहिलं. सहा वर्षांची कमाई ओतली. ‘स्वार्थी, निगरगट्ट, क्लायंटच्या दाराशी बसलेल्या मुलांनो’ अशी सुरुवात होती आणि पुढे ती खाली उतरत गेली. काकांनी चष्मा लावला. “दे, तपासतो.” अंगठ्यानं एकेक शब्द खोडत गेले. शेवटी उरलं ते पाठवलं : ‘कळलं. वेळेवर जेवा.’

“तुम्हाला राग येतच नाही का?” मी जवळजवळ ओरडले.

“येतो की,” म्हणाले, आणि जिन्यातली आग विझवायची नळकांडी तपासायला गेले. चारही मजल्यांवरची.

हे लिखाण मी त्यांना तपासायला दिलेलं नाही. माझी विशेषणं मला हवी आहेत.

तिकिटं रद्द झाली होती, तरी निघायच्या दिवशी, बरोबर अकराला, मी खिडकीतून पाहिलं. काका बदामाखाली वही घेऊन उभे, काकू हॅट घालून कट्ट्यावर, शेजारी बॅगा. टँकर लागलेला होता. मी धावत खाली गेले आणि म्हटलं, “गौरी हजर.”

“मी खोटी हजेरी लावत नाही,” काका म्हणाले. वहीत चार नावं होती. दोघांपुढे खूण, दोघांपुढे मोकळी जागा. त्यांनी पट्टी लावून शेजारी रेघ मारली, वर लिहिलं ‘कंत्राटी’, आणि खाली माझं आणि काळूरामचं नाव घातलं. आमची खरी नावं.

मी म्हटलं, “आणि कायम कधी करणार?”

“तूच छापतेस ना पत्रकात? दोनशे चाळीस दिवस भरले की कायम. ते भर. मग बोलू.”

त्या दिवसापासून मी रोज सकाळी वर जाते. चहा घेते, पायपुसणं घसरतंय म्हणून बोलणी खाते, पत्रक असेल तर खोडून घेते. माझे दिवस ऑगस्टात भरतील. काळूराम टँकर आला की खालूनच हाक देतो, “हजर हाय, काका,” आणि काका खिडकीतून हात करतात. वही दारामागे खिळ्याला टांगलेली आहे. कधी चहा उकळेपर्यंत मी ती उघडून बघते. निखिल आणि गौरीपुढची जागा मोकळीच आहे, आणि पानाच्या तळाशी काकांनी अजून सही केलेली नाही.