वैशूच्या अंगात देवी आली नव्हती

वैशूला देवीने नेलं नाही. तुम्ही मारलंत.

वाचून राग आला तर खुशाल अनफ्रेंड करा. पांडेसऱ्याच्या मिलवस्तीत माझी खोली सगळ्यांना माहीत आहे. भांडायलाही या.

आज पुन्हा कानबाई, आमच्या देवीचा श्रावणातला सण. तिला जाऊन वर्ष झालं.

ओळखत नसाल तर सांगतो. वैशाली. आमच्या समोरच्या खोलीतली. तिला एम.एस. होता, मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचता पोचता बिघडायचा. सकाळी उठली की गुडघे वाकायचे नाहीत, मांड्या कात्रीसारख्या एकमेकींत अडकायच्या.

गल्लीत तिला 'रोबोट' म्हणायचे. तेच लोक आज तिचा फोटो स्टेटसला ठेवून बसलेत.

सकाळीच माझी लेक्चर्स, सकाळीच तिचे पाय लाकूड. मी बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं. बापाने कानफटात दिली. दिली तर दिली.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी मला शिकवलं होतं. टाच तळहातात धरायची, पाऊल आपल्या हातावर टेकवायचं आणि हळूहळू वर दाबायचं. झटका द्यायचा नाही. झटका दिला की स्नायू चिडतो, जास्तच आवळतो. सैल पडेपर्यंत नुसतं धरून बसायचं.

दार सताड उघडं. तिची आई, जिला गल्लीतली सगळी पोरं मावशी म्हणतात, शेजारी बसून साड्यांचे धागे कापायची. रात्रपाळी करून आलेले लोक दारातून वाकून बघत जायचे.

"सैल सोड," मी म्हणायचो.

"आधी तू जबडा सैल सोड. आज कोणाला मारून आलास?"

आमच्याकडे कानबाईचा रोट, म्हणजे प्रसादाची जाड पोळी, त्याच कुळातल्या भाऊबंदांनीच खायचा असतो, परक्याला देत नाहीत. एकदा मी गमतीने हात पुढे केला तर तिने ताटच मागे ओढलं.

"हा खाल्लास तर आमचा भाऊबंद होशील. मग माझ्याशी लग्न कोण करणार, तुझा बाप?"

झालं प्रपोज. शिवी दिल्यासारखं.

मागच्या वर्षी विसर्जनाची सकाळ. तिच्या घरी पत्र्याखाली धूप, गर्दी, ढोल. उकाड्यात तिचे पाय जास्तच बिघडायचे. ती स्टूल मागत होती.

तिचे मोठे काका म्हणाले, "आरती होईपर्यंत देवीसमोर उभं राहायला काय होतं?"

ती भिंतीला धरून उभी राहिली. मग तिची टाच उचलली गेली आणि पाय थडथड उडायला लागला.

त्याला क्लोनस म्हणतात. ताठलेला स्नायू आपोआप उड्या मारतो. टाच जमिनीला दाबून धरली की बहुतेक वेळा थांबतो. रोजचंच होतं तिचं.

काकू किंचाळली, "आंगमा उनी व माय! देवी उनी!" अंगात देवी आली म्हणे.

ढोल वाढला.

वैशू ओरडत होती, "टाच दाबा! कोणीतरी टाच दाबा माझी!"

बायकांनी टाचेवर कुंकू ओतलं. नारळ ठेवला.

मी घुसलो तर काकांनी छातीवर हात देऊन ढकललं. "देवीच्या पायाला हात लावतो? परका पोरगा?"

रोबोट म्हणणारे सगळे रांगेत उभे राहून पाया पडले. ती रडत होती. तेसुद्धा देवीचंच रडणं.

मग काकांचा हुकूम. देवी आलेल्या अंगात इंग्रजी औषध नको. स्नायू सैल करणारी गोळी ती रोज घ्यायची. त्या सगळ्या गोळ्या निर्माल्यात गेल्या, निर्माल्य तापीत. मला दार बंद. मावशी दिरासमोर एक शब्द बोलली नाही.

संध्याकाळी वैशूने खिडकीतून हाक मारली.

"ए, माझ्या गोळ्यांचं विसर्जन झालं. पुढच्या वर्षी लवकर या म्हण."

हसलीसुद्धा. मग म्हणाली, "पाय ओढ ना रे. लई आवळलेत."

खिडकीच्या गजातून हात तिच्या पायापर्यंत पोचत नाही. मी प्रयत्न केलाय.

मी मेडिकलमधून नव्या गोळ्या आणल्या. काकांनी त्या गटारात टाकल्या आणि खिडकीला पत्रा ठोकला. मी पत्र्यावर लाथा घातल्या, तर गल्लीतल्या चौघांनी मलाच धुतलं.

दोन-तीन दिवसांत पाय पोटाशी आवळले ते सुटेनात. ताप चढला. अंगाला झटके यायला लागले, तेव्हा कुठे रिक्षा बोलावली.

डॉक्टर आयसीयूच्या बाहेर येऊन ओरडले, "गोली किसने बंद करवाई? ये दवा ऐसे एकदम बंद नहीं करते!"

काका म्हणाले, "माताजी की इच्छा."

ती वाचली नाही.

आता जे लिहितोय ते घरच्यांना आवडणार नाही. तिरडीवर तिचे गुडघे सरळ होईनात. माणसं वर बसून झटके देत होती. मी ओरडलो, "हळू! झटका नका देऊ!"

एक जण म्हणाला, "मेलेल्याला काय हळू?"

मी टाच तळहातात घेतली. हळू दाबली. धरून बसलो. तेव्हा मला कोणी परका म्हटलं नाही.

पाय सुटला नाही.

आज त्याच घरात कानबाईशेजारी वैशूचा फोटो मांडलाय, कुंकू लावून. लोक नवस बोलतायत. एका बाईने पोराचे गुडघे दुखतात म्हणून तिच्यापुढे नारळ ठेवला. काका पाटावर बसून नारळ घेतायत.

दुपारी मावशी ताट घेऊन माझ्या दारात आली. ताटात रोट.

"ले, खाई ले. तू बी आमनाच शेस."

वर्षभर मी तिच्यावर राग धरून होतो. तरी हात पुढे गेला. पण ताट मी परत दिलं.

"हा खाल्ला तर मी वैशूचा भाऊबंद होईन, मावशी."

ती उंबऱ्यावरच बसली. मी तिला उठवलं नाही.

खाली हात जोडायच्या इमोज्या टाकू नका. श्रद्धांजली वाहायचीच असेल तर त्या फोटोवरचं कुंकू पुसून या.

वैशू, मी रोट खाल्ला नाही.

सैल सोड आता.