मोडून घ्यायची बिडी

वच्छलाच्या नाकावर राग बारा महिने बसलेला असायचा, आणि कोहमारा गावात त्याचं कोणाला नवलही नव्हतं. त्या रागाचं कारण होतं छाट. चुन्नीलालच्या बिडी कारखान्यात बाया दिवसभर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या. संध्याकाळी चुन्नीलाल तपासायचा. ही सैल, ती वाकडी, असं म्हणत मूठमूठ बिड्या छाट म्हणून टोपलीत टाकायचा. त्यांची मजुरी बुडायची. बरं, खराब तर खराब! पण त्याच छाटीचे कट्टे, म्हणजे जुडगे, बांधून हा गृहस्थ नाक्यावर ट्रकवाल्यांना विकायचा. चोर तो चोर, वर शिरजोर.

एके दिवशी वच्छलाने टोपलीच ओढली. "खराब हायेत ना? मंग कोनाच्याच कामाच्या नाई," म्हणत तिने मुठीमुठीने बिड्या मोडून त्याच्या पायाशी टाकल्या. काम गेलं, हे सांगायला नको.

मग तिने घरीच धंदा मांडला. वळायला ती स्वतः, शेजारची देवकाबाई आणि आणखी तीन बाया, विकायला नवरा केवळराम. लेबलावर सूप छापून घेतलं, कारण गिऱ्हाइकाला अक्षर येवो न येवो, सूप प्रत्येकाच्या घरी असतं. केवळराम जिभेचा गोड. नाक्यावर गाडीवानांना एकेक बिडी फुकट द्यायचा. "आज वढून पाहा, उद्या इकत घ्या," म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी ते घ्यायचे. छाट वच्छला वळणारीच्या डोळ्यांदेखत मोडायची आणि तंबाखू परत गाडग्यात टाकायची. नाक्यावर सूप छापाला मान मिळाला तो एवढ्यावरच. तो मान हेच तिचं सगळं भांडवल होतं.

दोन वर्षांनी गोंदियाच्या मुन्नालाल शेठने जवळच्याच प्रतापगडच्या शिवरात्रीच्या यात्रेसाठी माल मागितला. यात्रेत नाव झालं की अख्ख्या मुलखात होतं. केवळरामने बायकोला न विचारता हो म्हटलं, तेही पाच बायांच्या हातून होईल त्याच्या दुप्पट मालाला. तरी माल वेळेवर भरला. वच्छलाला तेव्हाच शंका यायला हवी होती.

यात्रेत शेठच्या दुकानावर विकायला वच्छला, केवळराम आणि देवकाबाई बसली. घटका झाली असेल. एका म्हाताऱ्याने बिडी शिलगावली, दोन झुरके घेतले आणि थुंकला. "बाई, हे त चुन्नीलालची नाक्यावरली बिडी होय."

वच्छलाने कट्टा फोडला. वरच्या बिड्या घट्ट, आतल्या सैल. दुसरा फोडला. तोही तसाच. तिने केवळरामकडे पाहिलं, तर तो प्रतापगडचा डोंगर पाहत उभा!

"कोठून आनल्या?"

"कमी पडून राहिल्या होत्या व. चुन्नीलाल सस्त्यात देऊन राहिला होता. कट्ट्याच्या मंधात कोन पाहाते?"

मंधात कोण पाहतं! ज्या छाटीपायी ती कारखान्यातून उठली, तीच छाट नवऱ्याने तिच्या सुपात आणून ओतली होती. वच्छला तिथेच धुळीत बसली आणि कट्टे फोडून बिड्या मोडू लागली. माणसं गोळा झाली. "पागल हो गई क्या? पूरा माल है!" मुन्नालाल ओरडला. तिने पुढचा कट्टा फोडला.

देवकाबाईने तिचा हात धरला. "वच्छला, माह्या बी हायेत त्याच्यात. चांगल्या हायेत व!"

"हायेत. पन आता त्याईच्यावर कोन भरोसा ठेवन?"

देवकाबाईने हात सोडला. पुढे कित्येक दिवस ती वच्छलाशी बोलली नाही, आणि तिचंही काही चुकलं नाही. चांगल्या बिड्या छाटीबरोबर मेल्या, त्याचं पाप केवळरामचं.

पुढच्या वर्षी मुन्नालाल आला नाही. वच्छला मात्र यात्रेत गेली. लोक तिला विसरले नव्हते. कट्टा हातात घेऊन म्हणायचे, "मोडून दाखवा, मंग घेतो." तिने तोच रिवाज केला. गिऱ्हाइकाने कट्टा फोडायचा, अगदी मधली बिडी निवडायची, आणि केवळरामने ती स्वतःच्या हाताने मोडून दाखवायची. दुकानापुढे गर्दी मावेना. केवळरामला वाटलं, चला, बायकोचा राग निवला. संध्याकाळी तो हसत म्हणाला, "पाहा व, माही चूकच कामी आली."

वच्छलाने एक कट्टा फोडून मधली बिडी त्याच्या हातात दिली. "मोडा," ती म्हणाली. समोर गिऱ्हाईक नव्हतं.