कांबळ्याची सोनकी

जांबोटीचा रवळू माझ्या लक्षात राहिला तो त्याच्या अंगठ्यामुळे. सन एकोणीसशे सव्वीस. मी बेळगावात शाळामास्तर. कॅम्पातल्या एका निवृत्त साहेबाला रानफुलं वाळवून कागदावर चिकटवून द्यायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. रानोमाळ हिंडून झाडं आणायचा रवळू, मिरवायचो मी.

भादव्यात जांबोटीचे माळ सोनकीनं पिवळे होतात. मला सगळी सोनकी एकच दिसे. रवळू हसला.

"तोंडाकडं बघू नगा, मास्तर. तोंड समद्यांचं पिवळंच. पानाच्या पाठीवर आंगठा फिरवा."

त्यानं डोळे मिटून दोन पानं चाचपली. एकाच्या पाठीवर कांबळं पांघरल्यासारखी पांढरी लव होती, ती त्याची 'कांबळ्याची' सोनकी. दुसरं गुळगुळीत, ती 'उघडी'. गावात कुणाचं जनावर आजारी पडलं की पाला ओळखायला रवळूलाच हाक जायची. तो अंगठा म्हणजे त्याची अब्रू होती.

त्यानं दोन्हींच्या जुड्या आणून दिल्या, वेगवेगळ्या बांधून. वाळवताना टीपकागद रोज बदलायचे असतात. मी पडलो आळशी. दोन दिवस बदललेच नाहीत. उघडीची पानं कुजून काळी पडली, फुलं तेवढी राहिली. आता साहेबाला काय तोंड दाखवायचं? मी कांबळ्याची चार पानं खुडली, उघडीच्या देठाला खळीनं चिकटवली आणि खाली झोकात झाडाचं नाव लिहिलं.

साहेबानं तो कागद पुण्याच्या एका जाणकाराकडं धाडला. उत्तर आलं: फूल एका झाडाचं, पानं दुसऱ्याची, झाडं आणणारा माणूस भरवशाचा नाही. साहेबानं हे सांगितलं तेव्हा रवळू पायरीशीच उभा होता. मी म्हणालो, "घाईत जुड्या मिसळल्या असतील त्यानं."

हो, मीच म्हणालो. जीभ झडली नाही माझी.

रवळूनं वाद घातला नाही. "पुण्याच्या मानसांनी लिवलंय, तवा झाली आसंल चूक," एवढं पुटपुटला, स्वतःच्या अंगठ्याकडं बघितलं आणि चालत जांबोटीला गेला. पुन्हा बेळगावात आला नाही. मी समजूत घातली, रागावला असेल.

नऊ वर्षांनी दसऱ्याच्या सुट्टीत एका स्नेह्याकडं जांबोटीला गेलो. रवळूचं घर टाळूनच निघालो होतो, पण त्याच्या बायकोनं, आक्काताईनं, ओळखून हाक मारली. पाणी देता देता हळूच म्हणाली, "आता कुनाला पाला सांगत न्हाईत हे. शेजारच्या भावकूची म्हस तडफडून मेली, तरी उठलं न्हाईत. म्हनत्यात, माझा हात फसतोय."

राग परवडला असता. हा माणूस नऊ वर्षं स्वतःवरच अविश्वास धरून बसला होता, माझ्या चार पानांपायी. शरमेनं मला मान वर करवेना. रवळू पडवीत बसला होता. त्याच्यासमोर जाऊन बसलो आणि सगळं ओकलो: टीपकागद, कुजलेली पानं, खळ. त्यानं शिव्या घालाव्यात असं मला फार वाटत होतं.

तो उठून मागच्या बांधावर गेला, दोन्ही सोनकींचं एकेक पान तोडलं, डोळे मिटले, अंगठा फिरवला आणि मोठ्यानं ओरडला,

"आगं ए, ऐकलंस का! माझ्या हाताला काय बी झालं न्हवतं गं!"

माझ्याकडं त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.