गफूरभाईंचे तीन बंबे

गफूरभाई गेल्याची बातमी घेऊन त्यांचा जावई शाळेत आला, तेव्हा मी फळ्यावर गणित मांडत होतो. ते तसंच राहिलं. आता दीड महिना होत आला, पण त्यांची आठवण आली की आधी हसूच येतं... रडवणारा माणूसच नव्हता तो.

शहराला पाणी पाजणाऱ्या जुन्या नहरीवर ते देखरेखीला होते. खापराच्या नळांतून जमिनीखालून पाणी येतं आणि वाटेत ठिकठिकाणी मनोऱ्यासारखे उंच बंबे आहेत. पाणी त्यांत चढतं, कोंडलेला जोर उतरतो, मग ते पुढं जातं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब फार आहे, हृदयावर ताण पडतोय म्हणून सांगितलं, तेव्हा गफूरभाईंची लेक नसीम सात वर्षांची होती. मीठ बंद, राग बंद, औषध रोज. यातलं त्यांनी काहीच मनावर घेतलं नाही. डोकं दुखलं तरच बाटलीतला डोस घ्यायचे, एरवी लोणच्याची बरणी जवळ. मी टोकलं की म्हणायचे, "मास्तर, दुखत नाय तर दाब कुठला? तुम्ही लई पुस्तकं वाचता."

एका लग्नात त्यांनी पापड-लोणच्यावर यथेच्छ ताव मारला आणि दुसऱ्या दिवशी नहरीवरच छाती धरून खाली बसले. डोकं अजिबात दुखत नव्हतं. मी दवाखान्यात भेटायला गेलो, तर स्वतःवरच चिडलेले. "इतकी वर्सं नळ सांभाळले, मास्तर. फुटायच्या आदल्या दिवशी खापर कधी बोंबलतं का? गपच असतं. आन् मी डोकं दुखायची वाट बघत बसलो, येड्यावानी." मग हळूच म्हणाले, "नसीमचा निकाह लावल्याबिगर मला जायचं नाय."

तिथून माणूस पालटला. घर ते कचेरी या वाटेवरचे तीन बंबे त्यांनी ठरवून टाकले. प्रत्येकापाशी थांबायचं, शेरवानीची वरची गुंडी सोडायची, दगडावर डाव्या अंगाला बसायचं आणि श्वास शांत होईपर्यंत बोलायचं नाही, साहेब वाट बघत असला तरी. औषधाची वेळ कधी चुकली नाही. आमच्याकडे जेवायला आले की ताटातली मिठाची जागा रिकामी, तिथं लिंबाची जादा फोड. त्यांच्यापुरती काढलेली अळणी आमटी वाढून आमची ही मुद्दाम विचारायची, "भाईसाहेब, कशी झालीय?" ते गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "भाभी, मीठ जरा जास्तच पडलंय." मीही सोडायचो नाही. नहरीचं पाणीसुद्धा तुमच्याआधी पोचतं, म्हणायचो.

बारा वर्षं अशी काढली त्यांनी. गेल्या हिवाळ्यात नसीमचा निकाह झाला. नान आणि मटणाच्या खलियाचा वास साऱ्या मोहल्ल्यात सुटलेला आणि नवरीचा बाप कोपऱ्यात अळणी दहीभात घेऊन ऐटीत बसलेला. "मास्तर, पोचलो का नाय?" एवढंच म्हणाले. डोळे भरले होते, त्यांचे आणि माझेही.

परवा डॉक्टरांनी माझ्याही दंडाला पट्टा बांधला. दाब आहे म्हणाले. माझं डोकं कुठं दुखतंय, असं म्हणणारच होतो, पण जीभ चावली. परतताना पहिल्या बंब्यापाशी थांबलो. कोटाची वरची गुंडी सोडली आणि दगडावर बसलो, उजव्या अंगाला. डावीकडची जागा त्यांची आहे.