पाइपांच्या शिंप्याची रजई

कारखान्यात त्याला सगळे 'पाइपांचा शिंपी' म्हणत. वाफेच्या पाइपांना एरोजेलचे अंगरखे शिवायचे, हे त्याचं काम. आणि वीस वर्षांत आपलं एकही माप चुकलं नाही, हे तो स्वतःच सांगत सुटायचा. एरोजेल म्हणजे जवळजवळ नुसती हवाच! धुरकट निळं, कापसाहून हलकं, बोटानं दाबलं तर चुरा होणारं. म्हणून ते धाग्यांत मुरवून त्याच्या चादरी करतात. नवा माणूस आला की हा रसरसत्या पाइपाला चादर गुंडाळायचा आणि म्हणायचा, "ठेव वर हात. अरे, लाजतोस काय, लग्नाची बोलणी करतोय का मी?"

घरी मात्र त्याची बायको काकडत पडलेली. आजारानं तिच्या अंगातली ऊबच आटली होती. तीन पांघरुणं घातली तर ओझ्यानं बरगड्या दुखत, काढली तर दात वाजत. दुखणं बरं होणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिला निदान सुखाची झोप लागावी, एवढंच त्याचं मागणं उरलं होतं.

शेवटी त्यानं सुपरवायझरला विचारून कापून उरलेले तुकडे घरी आणले. त्यांची भुकटी झडते, कातडी कोरडी पडते. म्हणून दुहेरी घट्ट कापडात बंद करून रजई शिवली.

"अहो, घातलीत का अंगावर? मला तर काही कळतच नाही," ती म्हणाली.

"ही ऊब देत नाही हं. तुझीच तुझ्याकडे ठेवते."

"म्हणजे तुमच्यासारखीच चिक्कू!" ती हसली. किती महिन्यांनी हसली हो!

आठवड्यानं, सकाळी सातला तो कामावर निघाला, तेव्हा ती नाकापर्यंत पांघरून निजली होती. त्यानं रजईखाली हात घालून तिचा हात चाचपला. चांगला गरम होता. त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं तिला चहालाही उठवलं नाही. हळूच "येतो गं" म्हणाला आणि चपला हातात घेऊन बाहेर पडला.

दहाला, बहिणीला बघायला आलेल्या मेहुणीचा फोन आला. तो धावत घरी पोचला, तेव्हा डॉक्टर तिच्या उशाशी उभे होते.

"कधी गेली?" त्यानं विचारलं.

"अंग किती गार पडलंय, त्यावरून अंदाज बांधतो आम्ही. पण या रजईखाली ते अजून कोमट आहे. पहाटे गेल्या की नंतर, मला नाही सांगता येणार."

"सातला होती का, एवढंच सांगा ना. मी येतो म्हणालो तिला. ऐकलं असेल का हो तिनं?"

मेहुणीनं डोळे पुसत रजई काढायला हात घातला, तसा तो ओरडला, "राहू दे! अजून ऊब आहे तिची."

मग तो खाली बसला आणि रजईच्या कडा एकेक करून तिच्या अंगाखाली खोचू लागला, पाइपाला खोचतात तशा, कुठे फट राहू नये म्हणून. आतली वाफ बंद झाली की कितीही नीट गुंडाळलेला पाइप शेवटी गार होतोच, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी तो खोचत राहिला.