सॉरी कंपनीने म्हणायचं

ऑपरेशन थिएटरमध्ये मला नाव नाही. तिथे मी ‘कंपनी’. "कंपनी आली का?" "कंपनी, जरा बाजूला हो." आमच्या कंपनीचा पेसमेकर बसवताना वायर हृदयात नीट लागली की नाही, हे मशीनवर बघून डॉक्टरांना सांगणं माझं काम. पेशंटला हात लावायचा नाही. आणि गडबड झाली तर चूक कुणाचीही असो, सॉरी कंपनीने म्हणायचं.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. इंजिनीअर आहे, कुणाच्या उपकाराने झालेले नाही. बाबा गोरेगावच्या स्टुडिओत सेट उभारणारे सुतार. चाळीत लेकीबद्दल मालवणीत सांगत सुटायचे, "माजा चेडू हृदयाचा ऑपरेशन करता." मी म्हणायचे, "बाबा, ऑपरेशन डॉक्टर करतात. मी मशीन बघते." तर म्हणायचे, "ताच गो ता!"

मग बाबांनाच पेसमेकर सांगितला. अंधेरीचं हॉस्पिटल, आमच्याच कंपनीचा पेसमेकर. मॅनेजर म्हणाला, "तू बाहेर बस ना यार, दुसऱ्याला पाठवतो." मी ऐकलं नाही. एकदा कळू दे बाबांना, लेक काय करते ते. डॉक्टरांना नातं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आत घेतलंच नसतं.

या ऑपरेशनला पेशंट जागा असतो, छातीचा तेवढा भाग बधिर करतात. तोंडावर हिरवं कापड. मला बाबांचे फक्त पाय दिसत होते, भेगाळलेल्या टाचांचे.

वायर आत गेली आणि स्क्रीनवर आकडाच येईना. टेबलाकडची केबल सैल होती. तिला हात लावायची मला परवानगी नाही.

"ए कंपनी, झोपा काढायला आलीस काय?" डॉक्टर ओरडले.

"सॉरी सर. केबल जरा..."

"कारणं नकोत! डोकं असलेली माणसं पाठवा म्हणावं तुझ्या मॅनेजरला."

"सॉरी सर."

सिस्टरने केबल घट्ट केली. आकडा आला, चांगला आला. मी तो मोठ्याने वाचला.

"काका, पाय हलवू नका," सिस्टर म्हणाली.

संध्याकाळी वॉर्डात शेजारच्या खाटेवरचे आजोबा मला बघून खूश झाले. सकाळीच बाबांनी त्यांना सगळं ऐकवलं होतं. "हीच ना हो तुमची ऑपरेशन करणारी?"

बाबा पंख्याकडे बघत राहिले.

"नाय हो," म्हणाले. "कंपनीत आसा."

इतकी वर्षं मी हेच तर त्यांना समजावत होते.